रोजचा आरोपी

सकाळी साडेसहाला मी गुन्हेगार होतो.
अंगात गादीच्या कापसाचं जाकीट, डोक्यावर हॉकीचं हेल्मेट,
हातात रबरी चाकू, धारेला तेलात कालवलेला गुलाल,
म्हणजे कुठं कापलं ते खाकीवर वाचता येतं.
मे महिना, नागपूर.
सातलाच ऊन असं की कापूससुद्धा घामेजतो.

पोलीस लाईनीतला सात नंबरचा ब्लॉक पाडायचा आहे.
पाडेपर्यंत आम्हाला दिलाय, सरावाला.
तळमजला, उजवीकडून तिसरं क्वार्टर.
कुणाला सांगितलेलं नाही,
पण याच घरात मी दोनदा दहावी नापास झालो.
आता दबा धरतो त्या मोरीशेजारच्या खिळ्याला
बाबांचा पट्टा लटकायचा, पितळी बकलाचा.
चौकटीवर माझी उंची आहे अजून, पेन्सिलीनं,
चौथीपर्यंतची. पुढं कुणी मोजली नाही.

उस्ताद रहांगडाले फरशीवर खडूनं रेघ ओढतात.
"एकवीस फूट म्हणते पुस्तक.
इथं सैपाकघरच आठ फुटाचं हाय.
पाय आधी, हात मंग, पिस्तूल सगळ्यात शेवटी.
सरक ना बे बाजूला! झाड हायेस का?"

पहिल्या आठवड्यात सगळेच मरतात.
पंचवीस मीटरवर दहात दहा मारणारा बावनथडे
तीन पावलांवर आपल्याच होल्स्टरशी भांडत राहिला;
गळपट्टीपासून पट्ट्यापर्यंत गुलाल.
उस्ताद म्हणाले, "निवडून आला वाटते."

हर्षला कोडापे, देवलापारची. उंची नियमात जेमतेम.
पहिल्या दिवशी माझ्यावर नेम धरून म्हणाली, "थांबा."
आरोपीला अहो-जाहो!
सगळी तुकडी हसली, हेल्मेटमधून मीही.
तिसऱ्या आठवड्यात तिनं माझं मनगट धरलं, कंबर वळवली,
आणि माझा गाल त्या फरशीवर टेकला
जिथं बसून मी दुधात पोळी कुस्करायचो.
तेव्हा कुणी हसलं नाही.

आज उस्ताद कानाशी आले.
"चाकू ठेव. खिशात खर्रा हाय ना? थोच काढ."
मी भांडलो, शिव्या दिल्या, दोन पावलं पुढं आलो,
खिशात हात घातला.
दोन आवाज.
एक गोळी छातीवर, निळा रंग हनुवटीपर्यंत उडाला.
दुसरी चौकटीवर.
पन्नी फुटली, सुपारी फरशीभर.

उस्ताद ओरडले नाहीत. हेच वाईट.
वाकले, सुपारीचा एक तुकडा उचलला,
तिच्या तळहातावर ठेवला.
"काऊन वं?"
ती काही बोलली नाही. पिस्तूल मात्र खाली, बोट बाहेर,
शिकवलं तसंच.
मी चौकटीकडं पाहिलं.
निळा ठिपका चौथीच्या रेघेच्या बोटभर खाली.
हेही मी कुणाला सांगितलं नाही.

"पुन्हा."
खर्रा. पुन्हा. चाकू. पुन्हा. मोबाईल.
पुन्हा, पुन्हा. कधी ती मेली, कधी मी,
एकदा दोघंही, मग उस्तादांनी पाणी पाजलं.
जाकीट लोखंडासारखं. डोळ्यांत मीठ.
खिशात काय आहे ते आता मलाच आठवेना.

नववी खेप. मी मोरीतून निघालो.
ती डावीकडं सरकली, मोकळा हात छातीशी,
आणि तिचा आवाज,
कुठून आणला कुणास ठाऊक, त्या एवढ्याशा गळ्यातून:
"हात दाखवा!"
दाखवाच म्हणाली. अहो-जाहोच.
वरच्या मजल्यावरची पारवं भर्रकन उडाली,
पोपडे पडले, बावनथडे सावधानमध्ये उभा.

मी हात बाहेर काढला. अगदी सावकाश.
रिकामा होता. थरथरत होता, माझाच.
तिनं आधी हात पाहिला, मग माझे डोळे,
मग नळी खाली घेतली.

उस्तादांनी घड्याळ पाहिलं.
"पोहे," म्हणाले. "तर्री इच्या हिशोबात नोका लावू."